पाकिटावरची जयवंताबाई

मध्य प्रदेशातल्या सौंसरला हायवेच्या कडेला ते मोठं दुकान उघडलं, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मी तिथे चहापत्ती घ्यायला गेलो होतो. दुकानाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मागच्या भिंतीला मटण-मासोळीचा विभाग होता. काचेची लांबलचक थंड पेटी, आत पांढरा उजेड आणि ओळीनं मांडलेली पाकिटं. त्यातल्या एका अख्ख्या ओळीवर आमच्या गल्लीतली जयवंताबाई हसत होती. डोक्यावरून पदर, कपाळावर मोठं कुंकू, काखेत तांबडी कोंबडी. खाली छापलेलं होतं, ‘रामाकोन्याच्या जयवंताबाईंच्या अंगणातली गावरान कोंबडी. मोकळ्यावर चरलेली, मायेनं वाढवलेली.’

मला तेव्हा हसू आलं. गावी आल्यावर तिच्या दारावरून जाताना मी म्हणालो, “बाई, तुम्ही तर फिल्मस्टार झाल्या.” ती लाजून आत गेली.

जयवंताबाई पंचावन्न-छप्पन वर्षांची. नवरा पुंडलिकराव संत्र्याची बाग पाहतो. मुलगा राजू बोरगावच्या कारखान्यात पाळीनं जातो. कोंबड्या मात्र तिच्या एकटीच्या. लग्न होऊन आली तेव्हा मोहगावच्या माहेराहून टोपलीत दोन कोवळ्या कोंबड्या, तलंगा, घेऊन आली होती, त्यांचाच हा वंश, असं ती सांगायची. सत्तर-ऐंशी तरी असत. दिवसभर बागेत उकरत फिरायच्या, संध्याकाळी तिच्या हाकेसरशी खुराड्यात. अंड्यांवर बसलेली कोंबडी ती कुणालाच देत नसे, दारात जावई बसलेला असला तरी. आजारी पाखरू विकणं तर दूरच. आणि विकलेला कोंबडा कुणी तिच्या अंगणात कापायला लागला, तर ती घरात जाऊन दार लोटून घ्यायची.

भित्री मात्र फार. जनावरांना नाही, कागदाला. दवाखान्यात नाव विचारलं तरी ती नवऱ्याकडे पाहायची. त्यामुळे दुकानाचा मॅनेजर अभिजीत गाडी घेऊन तिच्या दारात आला, गोड बोलला, फोटो काढले आणि एक कागद पुढे केला, तेव्हा तिनं तो वाचला नाही. वाचायची हिंमतच झाली नाही. सही केली आणि मोकळी झाली. ठरलं एवढंच, की दर पंधरा दिवसांनी गाडी येईल आणि दहा-बारा कोंबडे घेऊन जाईल. त्याच बोलण्यात सून प्रणालीला दुकानाच्या पॅकिंगच्या खोलीत कामही मिळालं. घरात सगळे खूश होते.

गेल्या माघात कोंबड्या मरायला लागल्या.

पहिल्या दिवशी एक तलंग बागेच्या कुंपणाशी मान वाकडी करून गोल गोल फिरताना दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्यात तीन पडलेल्या होत्या. बाकीच्या चोच उघडी ठेवून धापा टाकत होत्या, खाली हिरवट पाण्यासारखी घाण. जयवंताबाईनं ही मानमोडी लहानपणी एकदा पाहिली होती. तिनं लसूण, हळद, सगळं करून पाहिलं. चौथ्या दिवसापर्यंत साठ कोंबड्या गेल्या. सगळं अंगण इतकं गप्प झालं, की तिला स्वतःच्या बांगड्यांचा आवाज खटकू लागला.

“दवाखान्यात सांगू का?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“येडी झाली का?” पुंडलिकराव म्हणाले. “बर्ड फ्लू म्हनतीन अन् साऱ्या गावच्या कोंबड्या मारून टाकतीन. लोकं आपल्याले जगू देतीन का? गप पुरून टाक.”

दोघांनी बागेच्या टोकाला खड्डा केला, चुना टाकला आणि पुरल्या. गावात कुणाला कळू दिलं नाही. प्रणालीला तिनं एवढंच सांगितलं, “तुह्या साहेबाले सांग, या खेपेले गाडी पाठवू नोको. माह्यापाशी द्यायले काईच नाई.” प्रणाली मान खाली घालून हो म्हणाली.

पाचव्या दिवशी दुपारी एक मुलगी स्कूटीवरून आली. सहा महिन्यांची गरोदर असावी. हेल्मेट काढून तिनं विचारलं, “जयवंताबाई इथंच राहतात का?”

“मीच आहो जी.”

मुलीचा चेहरा उजळला. “हो, ओळखलंच मी. काकू, मी श्रुती. सौंसरला शाळेत शिकवते. दोन महिन्यांपासून मी तुमच्याच कोंबडीचं पाकीट नेते. म्हटलं, एकदा पाहून यावं.”

ती ओट्यावर बसली आणि तिनं आपली हकीकत सांगितली. हायवेनं कोंबड्यांचे ट्रक जातात, पिंजऱ्यावर पिंजरे, त्यातून बाहेर लटकलेले पाय. ते रोज पाहून तिनं तीन वर्षांपूर्वी मांस सोडलं होतं. आता पोटात बाळ. रक्त कमी भरलं. डॉक्टर आणि सासू दोघीही मागे लागल्या. तेव्हा तिनं मनाशी ठरवलं, की खायचं तर जे पाखरू निदान पाखरासारखं जगलं तेच खायचं. दुकानात ती प्रत्येक गोष्ट विचारायची. मासोळी कोणत्या तळ्यातली, कधी धरली, कोंबडी कुठली, कुणी पाळली. काउंटरवरची मुलं तिला पाहून एकमेकांकडे बघून हसत.

“तुमचा फोटो पाहिला तेव्हा भरवसा वाटला,” ती म्हणाली. “कुठे आहेत कोंबड्या?”

उरलेल्या अकरांपैकी एक तेव्हाच भिंतीच्या कडेनं आली. तिची मान पाठीवर वळलेली होती. ती दोन पावलं चालली, कलंडली आणि पाय झाडू लागली.

“हिला काय झालं?”

जयवंताबाईला खोटं बोलता आलं नाही. “मानमोडी आली माय. पाच दिवसांत साऱ्या गेल्या.”

श्रुती उठून उभी राहिली. “पण मी तर काल संध्याकाळी पाकीट नेलं. तारीखसुद्धा कालचीच होती.”

“माह्या घरून शेवटचे कोंबडे गेले त्याले तेरा दिवस झाले.”

“काकू, मी काल रस्सा केला. आज डब्यातही तोच नेला.” तिचा हात आपोआप पोटावर गेला. “मग मी खाल्लं ते काय होतं?”

जयवंताबाई मला नंतर म्हणाली, “गुरुजी, तिनं शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. ते निस्ती माह्या तोंडाकडे पाहून राहिली होती.” श्रुतीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. जाताना फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, “काही कळलं तर मला सांगा. मला आता घरी जायचीच भीती वाटते.”

दिवस कलताना प्रणाली घरी आली. जयवंताबाईनं तिला चुलीजवळच अडवलं.

“माह्या फोटूच्या पाकिटात काय भरता तुमी?”

प्रणालीच्या हातातली पिशवी खाली गेली. मग तिनं एकदम सगळं सांगून टाकलं. दोन महिन्यांपासून रोज पहाटे नागपूरकडून बंद गाडी येते. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या कोंबड्या सोलून, तुकडे करून येतात. त्यातले चाळीस-पन्नास पुडे ‘जयवंताबाई’चे म्हणून निघतात, कारण त्याच पुड्याला लोक जास्त भाव देतात. विकले गेले नाहीत तर तारखेचं लेबल खरवडून नवं लावायचं. मासोळीच्या पेटीवर ‘कन्हान नदीची ताजी’ लिहायचं, पेटी कुठून आली ते ड्रायव्हरलाच ठाऊक.

“अन् लेबल कोन लावते?”

“मीच लावतो आई,” प्रणाली रडायला लागली. “रोज तुमच्या तोंडावर बोट फिरवून चिटकवतो.”

“मले काऊन नाई सांगतलं?”

“भेव वाटलं. साहेब म्हनते, तुह्या सासूची सही हाये आमच्यापाशी. काई झालं तर पयलं नाव तिचंच येईन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंताबाई सुनेबरोबरच बसमध्ये बसली. दुकानात ती त्याआधी कधीच गेली नव्हती. दार आपोआप सरकलं तशी ती दचकून मागे झाली, मागच्या माणसानं “चला ना बाई” म्हटल्यावर आत गेली. काचेच्या पेटीपाशी पोचल्यावर तिचे पाय थबकले. स्वतःचं तोंड तिनं एका वेळी इतक्यांदा कधी पाहिलं नव्हतं. काही पुड्यांत आतलं गुलाबी पाणी फोटोच्या मागे जमलं होतं. एका गृहस्थानं लहान मुलीला कडेवर घेतलं होतं. त्यानं वाकून एक पुडा उचलला.

“घेऊ नोका जी,” जयवंताबाईच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं वळून पाहिलं, मग पुड्याकडे पाहिलं आणि त्याला मोठा आनंद झाला. “अरे, तुम्ही तर त्याच! खरंच आहात की. बेटा, बघ, आजी बघ!” त्यानं फोन काढला, मुलीला जवळ ओढलं आणि जयवंताबाईला मधे घेऊन फोटोसुद्धा काढला. ती “नोका घेऊ, नोका घेऊ” म्हणत राहिली. त्याला वाटलं, फोटोला लाजते आहे. पुडा टोपलीत टाकून तो निघून गेला.

अभिजीत हसतच आला. तिला आतल्या खोलीत नेलं, खुर्ची दिली, पाण्याची बाटली उघडून दिली.

“काकू, तुमच्या कोंबड्या मेल्या, सून सांगत होती. फार वाईट झालं. दवाखान्यात कळवलं होतं का?”

“नाई.”

“म्हणजे चोरून पुरल्या.” तो अजून हसतच होता. “उद्या कोणी बीमार पडलं, तर लोक काय म्हणतील? जयवंताबाईनं रोगाच्या कोंबड्या पाकिटात घातल्या. फोटो कोणाचा आहे? कागदावर सही कोणाची आहे? पॅकिंगच्या रजिस्टरवर रोज कोण सही करते? तुमची सून. मी काही म्हणत नाही, मी तर तुमच्या घरचाच माणूस आहे. पण पोलीस घरचे नसतात ना काकू.”

जयवंताबाईनं पाण्याची बाटली तशीच खाली ठेवली. उठली, बाहेर आली, बस पकडून घरी आली. वाटेत कुणीतरी ओळखीचं “कुठं गेलत्या?” म्हणालं, तर तिला त्याचाही अर्थ लागेना.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले, ते मी रोज समोरून पाहत होतो, पण कारण मला माहीत नव्हतं. गाडीचा आवाज आला की ती आत जायची. फोन वाजला की पुंडलिकरावांकडे द्यायची. ते दोघेही आता एकमेकांशी धड बोलत नव्हते. मोहगावला कुणाच्या तरी मुलाला उलट्या झाल्या असं कानावर आलं, तर ही भरउन्हात तिथवर गेली आणि त्या घरच्या बाईला विचारू लागली, “लेकरानं काय खाल्लं होतं? पाकिटातली कोंबडी तर नाई?” त्यानं जत्रेतला बर्फाचा गोळा खाल्ला होता. तरी तिचा जीव खाली पडेना. कुठे कुणी आजारी आहे असं ऐकलं, की ती चौकशी करायची. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

मग एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली. दाराशीच उभी राहून सगळं सांगितलं. वर मी लिहिलं ते सारं तेव्हाच मला कळलं. शेवटी म्हणाली, “गुरुजी, मले एक अर्ज लिहून द्या.”

इथे मला माझंही सांगितलं पाहिजे. छत्तीस वर्षं मी मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवलं, पण त्या वेळी मी म्हणालो, “बाई, जरा विचार करा. मोठी माणसं आहेत. तुमच्या सुनेवर येईल.” माझ्यावर येईल, हे मी मोठ्यानं म्हटलं नाही. अर्जावर माझं अक्षर असणार होतं आणि त्या दुकानाच्या मालकाची उठबस कुणाकुणाशी आहे ते मला ठाऊक होतं.

ती दारातून हलली नाही. “तुमी भेता, मी भेतो, माही सून भेते. मंग त्या पोरीच्या पोटातल्या लेकराचं कोन पाहीन? ते तर मले पाहून पाकीट घेऊन गेलती.”

मी चष्मा लावला आणि कागद घेतला.

पण अर्ज करायच्या आधी कोंबड्यांचं खरं काय झालं ते सरकारी कागदावर यायला हवं होतं, नाहीतर अभिजीतचं म्हणणंच खरं ठरलं असतं. म्हणून आम्ही आधी सौंसरच्या गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर हिमानी वयानं लहान होत्या, पण त्यांनी जयवंताबाईला असं झापलं की मला मान वर करवेना. “पहिल्याच दिवशी का नाही आलात? तुमच्यामुळे सगळ्या गावात पसरलं असेल!” जयवंताबाई पळाली नाही. “चुकलं बाई,” म्हणाली, “पन आता चला.”

हातात मोजे आणि तोंडाला फडकं बांधून डॉक्टर हिमानी आल्या. बागेच्या टोकाचा खड्डा उकरला गेला. उरलेल्या कोंबड्यांतल्या दोन नुकत्याच मेल्या होत्या, त्यांचे नमुने घेतले आणि भोपाळला पाठवले. आता गावाला कळलं. शेजारच्या लीलाबाईच्या पाच कोंबड्या त्याच आठवड्यात गेल्या होत्या. ती कुंपणाशी येऊन ओरडली, “माह्या कोंबड्या तू खाल्ल्या! आता सरकार येईन अन् बाकीच्याईले पोत्यात भरून नेईन. तुह्या फोटूपायी!” काही लोकांनी रातोरात आपल्या कोंबड्या नातेवाइकांकडे हलवल्या. ते करू नका म्हणून डॉक्टर हिमानी घरोघर सांगत फिरत होत्या.

निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत जयवंताबाईच्या ओट्यावर कुणी बसलं नाही. पिठाच्या गिरणीत तिचा डबा बाजूला ठेवला गेला. पुंडलिकराव मला म्हणाले, “बर्ड फ्लू निंगाला तर गुरुजी, मी बागेतच जाऊन राहीन, गावात तोंड नाई दाखवनार.” जयवंताबाई दिवसातून तीनदा हात धुवायची आणि नातवंडासारखे जपलेले उरलेले चार पक्षी जाळीतून लांबूनच पाहायची.

नवव्या दिवशी फोन आला. रानीखेत रोग होता, म्हणजे मानमोडीच. बर्ड फ्लू नव्हता. हा रोग पाखराला मारतो, पण माणसानं खाल्लं तर त्याच्या पोटात जाऊन काही करत नाही, असं डॉक्टर हिमानींनी समजावून सांगितलं. दवाखान्याच्या कागदावर तारखेसकट लिहून मिळालं, की जयवंताबाईच्या कोंबड्या अमुक दिवसांत मेल्या आणि पुरल्या.

तो कागद घेऊन आम्ही पांढुर्ण्याला गेलो. जिल्हा झाल्यापासून खाण्यापिण्याच्या वस्तूंची तक्रार तिथेच द्यावी लागते. बसमध्ये आम्ही चौघं होतो: जयवंताबाई, प्रणाली, मी आणि सौंसरहून चढलेली श्रुती. श्रुतीनं त्या दिवशीच्या पुड्याचं वेष्टण धुऊन, वाळवून वहीत ठेवलं होतं. प्रणालीनं मात्र काय आणलंय ते कुणाला सांगितलं नव्हतं. ती पूर्ण वाट पिशवी छातीशी धरून बसली होती आणि मोटारसायकलवाला कुणी बसच्या बाजूनं गेला की खाली वाकायची.

अधिकारी पन्नाशीचे, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून पाहिलं.

“कोंबड्या रोगानं मेल्या?”

“हो साहेब,” जयवंताबाई म्हणाली.

“न सांगता पुरल्या?”

“हो साहेब. ते चुकलं.”

“त्यातली एकतरी विकली?”

“नाई.” तिनं पुन्हा सांगितलं. “नाई जी. एकबी नाई. लेकरायची आन.”

मग प्रणालीनं पिशवीतून जुन्या लेबलांची चळत काढली. खरवडून काढलेली, पण पुरती न फाटलेली. तारखा दिसत होत्या. “रोजचे दोन-तीन मी घरी आनत होतो,” ती म्हणाली. “काऊन आनत होतो ते मलेबी नाई मालूम. हे मीच काढले साहेब, अन् नवेबी मीच लावले. लिहून घ्या.” सासूनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं ती मुलगी पहिल्यांदाच दिसली.

दोन दिवसांनी पथक दुकानात गेलं. बातमी आधीच पोचली होती. काचेची पेटी लख्ख धुतलेली, एकही फोटो नाही. अभिजीतनं सगळ्यांना चहा मागवला. पण प्रणालीनं जबाबात जनरेटरच्या मागची छोटी खोली लिहून दिली होती. तिचं कुलूप उघडायला बराच वेळ गेला. आत थंड पेट्यांत जयवंताबाईचे सत्तावीस पुडे निघाले. काहींवर एकाखाली एक तीन तारखा होत्या. मासोळीच्या दोन पेट्यांवर ‘कन्हान’ची चिठ्ठी होती आणि आत बर्फाखाली दुसऱ्या राज्यातल्या गाडीची पावती. नमुने गेले. त्यातले काही खाण्यालायक नव्हते, असं महिनाभरानं कळलं. मटण-मासोळीचा विभाग बंद झाला, दंड झाला, खटला अजून चालू आहे. अभिजीत कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. दुकान चालू आहे. आता तिथे पुड्यावर नुसतं कोंबडीचं चित्र असतं.

प्रणालीचं काम अर्थातच गेलं. पाच महिने ती घरी बसली, मग मोहगावला एका कापडाच्या दुकानात लागली. सौंसरच्या त्या दुकानाच्या माणसांनी काही केलं नाही, निदान अजून तरी. एकदा दोन अनोळखी माणसं गल्लीत येऊन ‘पाकिटवाल्या बाईचं घर कोणतं’ असं विचारून गेली. कोण होती, कशाला आली होती, आजपर्यंत कळलं नाही. त्या दिवसापासून राजू पाळी सुटली की वाटेत कुठे थांबत नाही, थेट घरी येतो.

श्रुतीनं सगळ्या तपासण्या करून घेतल्या. काही निघालं नाही. तरी बाळंत होईपर्यंत ती रोज बाळाच्या हालचाली मोजायची आणि एखाद्या दुपारी शांत वाटलं, की जयवंताबाईला फोन करायची. जयवंताबाईला त्यातलं काय कळणार? पण ती फोन कानाला लावून बसायची. “हलीन माय, आता हलीन,” म्हणायची. दोघी तशाच गप्प बसून वाट पाहायच्या. ज्येष्ठात मुलगी झाली, चांगली सहा पौंडांची. ते ऐकल्यावर जयवंताबाई ओट्याच्या पायरीवरच बसली आणि अर्धा तास उठली नाही.

कोंबड्या पुन्हा पाळायला ती तयार नव्हती. डॉक्टर हिमानींनी स्वतः पंचवीस पिलं आणून दिली, डोळ्यात लसीचे थेंब कसे टाकायचे ते शिकवलं आणि पुढची तारीख भिंतीवर खडूनं लिहिली. आता ज्याला पाहिजे तो घरी येतो. ती त्याला बाग दाखवते, खुराडं दाखवते, पाखरू त्याच्या हातात देते. फोटो कुणी काढायला लागलं तर नाही म्हणते. गिऱ्हाईक पहिल्यापेक्षा कमी आहे. इतक्या लांब येऊन इतकं पाहायला लोकांना वेळ कुठे असतो?

परवा सकाळी पलीकडच्या गल्लीतली इंदू पदराखाली कोंबडी लपवून आली. इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाली, “मावशी, हे खाऊन नाई राहिली. कोनाले सांगू नोका.” जयवंताबाईनं कोंबडीची मान चाचपली, डोळा उघडून पाहिला, पंखाखाली हात घातला. मी माझ्या ओट्यावरून पाहत होतो. मग तिनं कोंबडी टोपलीत घातली, वरून फडकं बांधलं आणि चपला पायात सरकवल्या.

“चाल,” ती इंदूला म्हणाली. “साडेनऊची बस हाये. डॉक्टर बाई ओरडते, पन तू मधात बोलू नोको.”